बंदुकीचा परवाना : बेळगाव-निपाणी पट्ट्यात खरा खर्च किती?

परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली तेव्हा खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडच्या परवानाधारकांना हायसे वाटले होते. बेळगावच्या कचेरीतले हेलपाटे तरी कमी होणार होते. पण शस्त्र कायद्याच्या त्याच दुरुस्तीने माणसामागे तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आणली. ज्यांच्या परवान्यावर आजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी आणि स्वतःची रायफल अशी तीन हत्यारे होती, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : यातले कोणते द्यायचे?

'राज्याने नवा कायदा केला' असे आपल्या भागात अजून सर्रास बोलले जाते. पण शस्त्रांचा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. मूळ कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे आणि ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेली. विधेयकात आधी एकच बंदूक ठेवायची तरतूद होती. परवानाधारक, नेमबाज आणि पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांच्यासारखे नेते विरोधात बोलले आणि आकडा दोनवर थांबला. हे मुद्दाम सांगतो, कारण कायदा बदला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देण्यात लोक दिवस घालवतात आणि जे खरोखर त्यांच्या हातात आहे त्याचा अर्ज करायचा राहून जातो. पीकरक्षणाचा परवाना, वारसाच्या नावे बंदूक करणे आणि निवडणुकीत बंदूक जमा करण्यातून सूट, या तिन्ही गोष्टी जिल्हा पातळीवर ठरतात. बेळगाव शहरात २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्या हद्दीत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त असतात. निपाणी, चिक्कोडी आणि खानापूर तालुक्यातल्या माणसाची फाईल जिल्हाधिकारी कचेरीत जाते. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनाभर पडून राहतो.

हत्यार आणि त्यावरचा कर

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचे असेल तर पहिला हिशेब कराचा करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्हींवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी तो २८ टक्के होता. मूळ किंमत एक लाख असेल तर पूर्वी बिल १ लाख २८ हजारांचे व्हायचे, आता १ लाख ४० हजारांचे होते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. त्यावरून आजचा अंदाज यावा. शेतकऱ्याला याची गरज नसते. बारा बोअरच्या बंदुका या ४० टक्क्यांच्या यादीत नाहीत.

शेतीसाठी बहुतेक जण एकनळी बारा बोअर घेतात. जुनी, चांगल्या स्थितीतली एकनळी साधारण वीस-तीस हजारांत मिळते. नवी घ्यायची तर त्याच्या दीडपट-दुप्पट धरा, आणि दुनळी त्याहून महाग. जुनी घेताना नळी मोडून उजेडाकडे धरा आणि आतून बघा. आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसायला हवी. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे, आणि ते घासून जात नाहीत. मग नळी बंद करून हलवा. बिजागरीत खडखड आली तर ती बंदूक कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. नळीवरचा क्रमांक आणि विक्रेत्याच्या परवान्यातला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो का, हेही तिथेच तपासा. एका आकड्याच्या फरकापायी पुढे वारसनोंद अडते.

बारा बोअरची काडतुसे आपल्याकडे पुण्याच्या खडकी कारखान्यात बनतात. एका काडतुसाला शंभराच्या आसपास रुपये धरा. किती घेता येतील याचा आकडा परवान्यावर छापलेला असतो आणि प्रत्येक खरेदीची त्यावर नोंद होते. घरात लोखंडी कपाट किंवा भिंतीत बसवलेली पेटी हवी, कारण सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी अर्जासोबत द्यावी लागते. गावच्या वेल्डरकडून करून घेतली तरी सात-आठ हजार जातात. हा खर्च टाळू नका. घरात लहान मूल असेल तर काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा.

परवान्याचे कागद आणि फेऱ्या

सरकारी शुल्क हा या सगळ्यातला सर्वांत लहान आकडा. ते प्रत्येक हत्यारामागे वेगळे लागते, नूतनीकरणाचे वर्षागणिक मोजतात आणि पाच वर्षांचे एकदम भरतात. तरी एका बंदुकीसाठी ते काही हजारांच्या आतच राहते. खरा पैसा जातो तो शपथपत्र, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा डॉक्टरी दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि जाण्या-येण्यात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. कर्नाटकात अनेक जिल्ह्यांत पोलीस दल नागरी बंदूक प्रशिक्षणाची शिबिरे घेते. आपल्या ठाण्यात आधी चौकशी करून शिबिराच्या तारखेप्रमाणे बाकीचे कागद लावा. डॉक्टरचा दाखला आधी काढून ठेवला आणि शिबीर लांबले, तर तो दाखला जुना म्हणून पुन्हा काढावा लागतो.

निपाणी ते बेळगाव हा पुणे-बेंगळुरू महामार्गावरचा सुमारे ७५ किलोमीटरचा रस्ता. एका कामाला एक दिवस मोडतो. तंबाखूची खुडणी किंवा उसाची तोड चालू असताना मोडलेला दिवस हा मजुरीच्या हिशेबात धरलाच पाहिजे. त्यात आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. आदेश, नोटिसा आणि उतारे कन्नडमध्ये येतात, आणि घरातल्या जुन्या पिढीला ते वाचता येत नाहीत. मग अर्ज लिहिणाऱ्याकडे किंवा वकिलाकडे धाव घ्यावी लागते आणि तिथे दोन-चारशे जातात. मराठीतून कागद मिळावेत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत एवढे करा : कन्नड आदेशावर सही करण्याआधी तो कोणाकडून तरी शब्दशः वाचून घ्या आणि शेवटची तारीख मराठीत त्याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवा. नूतनीकरण चुकलेल्या बऱ्याच घरांत ही तारीखच कळलेली नसते.

पोलीस चौकशीला फी नाही, हे स्पष्ट सांगतो. ठाण्याचा अंमलदार घरी येऊन जागा पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो, गुन्ह्यांची नोंद तपासतो आणि अहवाल पाठवतो. नियमाने हा अहवाल ३० दिवसांत जायला हवा. यासाठी कोणी पैसे मागितले तर लोकायुक्त पोलिसांकडे जा, त्यांचे कार्यालय बेळगावातच आहे. 'सगळे करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एकरकमी पैसे देऊ नका. त्याच्याकडून होते ते ऑनलाइन अर्ज भरण्यापलीकडे फारसे काही नसते, आणि तो अर्ज घरातली कॉलेजला जाणारी मुलगीही भरू शकते. अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागा, कायद्याने ती द्यावी लागतात. अपील ३० दिवसांच्या आत करायचे असते, म्हणून आदेश हाती पडल्याची तारीख त्यावर लिहून घ्या.

प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक विशिष्ट ओळख क्रमांक हवा. जुन्या वहीसारख्या परवान्यावर तो नसेल तर परवाना वैध धरला जात नाही, मग आतली मुदत काहीही असो. वडिलांच्या कपाटातला परवाना आज काढा आणि आधी हा क्रमांक शोधा. मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. उशीर झाला तर जादा शुल्क लागते. त्याहून मोठा धोका असा की मधल्या काळात हाती असलेली बंदूक बेकायदा ठरते. २०१९ नंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, शिवाय दंड. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढला आणि कोणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सगळे धरून, खानापूर तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याला जुनी एकनळी घ्यायची आहे त्याने पहिल्या वर्षाला पन्नास हजार गाठीशी ठेवून चालावे. त्यात बंदुकीची किंमत निम्म्याच्या आसपासच असते.

आजोबांची बंदूक

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावरची बंदूक त्या दिवसापासून घरात ठेवण्याचा हक्क कोणालाच राहत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर बघू, असे म्हणत वर्ष निघून जाते. बंदूक आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पोलीस ठाण्यात ठेवायला पैसे लागत नाहीत. विक्रेता महिन्याकाठी भाडे घेतो, पण हत्यार तेलपाणी करून कोरड्या जागी ठेवतो. वारसनोंदीला वर्ष लागण्याची शक्यता असेल तर मी विक्रेत्याकडे ठेवायला सांगेन.

मालक हयात असतानाही बंदूक वारसाच्या नावे करता येते. त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केलेली असावीत किंवा ती बंदूक २५ वर्षे बाळगलेली असावी, यातले जे आधी होईल ते. सत्तरी उलटलेल्या वडिलांना घेऊन आजच कचेरीत जाणे, हे त्यांच्या पश्चात चार भावंडांच्या ना-हरकत सह्या गोळा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. भाऊबंदकीत एका सहीसाठी किती पैसे आणि किती वर्षे जातात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

नातू पुण्यात नोकरीला असेल तर तो अर्ज पुण्यात करतो, कारण परवाना राहत्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडून मिळतो. म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसदाखला आणि बंदुकीचा तपशील बेळगावचा, तर चौकशी महाराष्ट्र पोलिसांची. दोन राज्यांतल्या दोन कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहार होतो आणि कन्नड कागदांचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. भाषांतराला पानामागे पैसे पडतात, म्हणून आधी कोणते कागद हवेत ते पुण्याच्या कचेरीतून लेखी घ्या आणि तेवढीच पाने भाषांतरित करा. वारसाने मिळाली तरी दोनची मर्यादा सुटत नाही. नातवाच्या परवान्यावर आधीच दोन असतील तर तिसरी त्याला मिळणार नाही. पण मर्यादा माणसामागे आहे, घरामागे नाही. मुलगी, सून, जावई किंवा भाऊ यांच्यापैकी कोणी परवान्याला पात्र असेल तर बंदूक घरात राहू शकते.

जादाची तिसरी बंदूक जमा करायची एक वर्षाची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. ती अजूनही कोणाच्या घरात असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन ताबडतोब जमा करा. खंडेनवमीला पूजेत मांडण्यापुरती ठेवली आहे, हे कारण न्यायालयात चालत नाही.

भिंतीवर टांगलेल्या पुरातन तोड्याच्या बंदुकीला कायदा सूट देतो. पण ती दुरुस्त केली तरीही चालणार नाही, अशी असायला हवी. नुसता गंज चढला म्हणजे बंदूक निकामी झाली असे नाही. हे आपण ठरवायचे नसते, पोलिसांकडून लेखी घ्यायचे असते.

निवडणूक आली की

आपल्या भागातल्या परवानाधारकांचा सर्वांत मोठा राग इथे आहे आणि मला तो पटतो. कर्नाटक विधानसभेची आचारसंहिता २९ मार्च २०२३ ला लागली, लोकसभेची १६ मार्च २०२४ ला. दोन्ही वेळा उन्हाळ्यात बंदुका ठाण्यात गेल्या, आणि त्याच दिवसांत भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत गवे आणि डुकरे पाण्यासाठी, उसासाठी रानातून खाली उतरत होती. बंदुका जमा केलेल्यांपैकी किती जणांवर कधी गुन्हा होता? बहुतेकांवर नाही.

निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट सगळ्यांकडून बंदुका घ्या असे म्हणत नाहीत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि दंगलीत सापडलेले यांची छाननी समितीने तपासणी करून मग जमा करायला सांगायचे, असा क्रम आहे. गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरसकट आदेशाविरुद्ध निकाल दिला, त्यातून ही समितीची पद्धत पक्की झाली. तरी ठाण्यातून फोन येतो तो 'उद्या आणून द्या' असाच. आचारसंहिता लागायची वाट न पाहता समितीच्या नावे अर्ज तयार ठेवा : शेताचा उतारा, जंगलापासूनचे अंतर, मागच्या वर्षीच्या नुकसानीचा पंचनामा आणि आपल्यावर गुन्हा नसल्याचे निवेदन. पोच घ्या. सूट मिळेलच असे नाही. पण गावातल्या वीस जणांनी असा अर्ज दिला तर समितीला प्रत्येकाचा विचार करावा लागतो.

जमा करायची वेळ आलीच तर तयारीने जा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहा. नळीतून तेलाचा फडका ओढा, बाहेरच्या लोखंडावर बोटाने तेलाचा पातळ हात फिरवा आणि सुती कापडात गुंडाळा. स्पंजाच्या किंवा चामड्याच्या पिशवीत देऊ नका, त्यात ओल धरते आणि दोन महिन्यांत दस्त्याजवळ तांबडा गंज चढतो. बंदुकीचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. पावतीवर क्रमांक, नळीची स्थिती आणि सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या लिहून घ्या. निकालानंतर आठवडा उलटला की हत्यार परत मिळायला हवे, अशी आयोगाची सूचना आहे. आठ दिवस उलटले की लेखी अर्ज द्या, तोंडी विचारून उपयोग नाही. गंज काढून नळी पुन्हा चकचकीत करायला कारागीर हजार-दोन हजार सहज घेतो, आणि खड्डे पडले तर नळीच वाया जाते.

कोगनोळीच्या नाक्यावर

घर निपाणीत आणि शेत कागल तालुक्यात, अशी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. परवाना कोणत्या हद्दीत चालतो ते त्यावर लिहिलेले असते. फक्त कर्नाटकापुरता असेल तर कोगनोळी ओलांडून बंदूक नेणे हा गुन्हा आहे, मग शेत दोन किलोमीटरवर का असेना. कोल्हापूरच्या दुकानात स्वस्त मिळते म्हणून घ्यायला जाण्याआधी हद्दीचा रकाना वाचा. हद्द वाढवून हवी असेल तर सातबारा जोडून अर्ज करा, गरजेचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. घर कायमचे पलीकडे हलवले तर नव्या जिल्ह्यात नोंद लगेच करा.

पीकरक्षणाचा परवाना काय देतो

हा परवाना बंदूक बाळगायला मिळतो, जनावर मारायला नाही. गवा, हत्ती, अस्वल हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्यालाही मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. हवेत बार काढून हाकलणे एवढेच तुमच्या हाती. गोळी जनावराला लागली तर गुन्हा वन्यजीव कायद्याखाली नोंदला जातो, बंदूक जप्त होते आणि परवाना जातो.

याच राज्यात कोडगूतल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली. मग जंगलाच्या तोंडाशी राहणाऱ्या खानापूरकरांनी काय पाप केले, असे लोक विचारतात. तशी सूट मागावी असे मला वाटत नाही. दोन बंदुकांची मर्यादाही मला योग्य वाटते, शेताला तिसरी बंदूक लागत नाही. पण पीकरक्षणाची एकनळी आणि शहरात मिरवायचे पिस्तूल यांना निवडणुकीत एकच माप लावणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, आणि तो दूर करायला कायदा बदलण्याचीही गरज नाही.

ज्यांना फक्त माकडे आणि मोर हुसकवायचे आहेत त्यांनी पन्नास हजारांच्या वाटेला जाऊ नये. ०.१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअरगन विनापरवाना मिळते, फक्त ओळखपत्र द्यावे लागते. पाच-दहा हजारांत काम होते. नेम जनावरावर धरू नका, मोर राष्ट्रीय पक्षी आहे. डुकरांसाठी बॅटरीवरचे सौर कुंपण घाला. त्याचा झटका क्षणभराचा असतो आणि जीव घेत नाही. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला लावणे हा गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी शेजारचा माणूस मरतो.

नुकसान झालेच तर त्याच दिवशी पिकाचे फोटो काढा, त्यात शेताची ओळख पटेल असे झाड किंवा विहीर येऊ द्या, आणि वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. कर्नाटक वनखात्याच्या 'ई-परिहार' व्यवस्थेत भरपाईचा अर्ज करता येतो. सोबत उतारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते. पंचनाम्याची एक प्रत मागून घ्या, ती पुढच्या निवडणुकीत छाननी समितीपुढच्या अर्जालाही जोडता येते.